बाळंतिणीची रात्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझी शाळा सातवीला सुटली. त्यानंतर लिहिणे म्हणजे वाण्याकडची यादी आणि कांड्यांचा हिशेब, एवढेच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "रातपाळीवर तुम्हीच बोलायचे, दुसरे कोणी बोलले तर ते ऐकीव होईल." म्हणून उभी राहिले आहे. कागदावर लिहून आणले आहे. मध्ये अडखळले तर सांभाळून घ्या.

रातपाळी म्हणजे काय हे आपल्या इचलकरंजीत कोणाला सांगावे लागत नाही. मागांची खडखड ऐकत आपण निजतो आणि ती बंद पडली तरच आपल्याला जाग येते. ज्या घरचा पुरुष रात्रीच्या पाळीला असतो त्या घरच्या बाईला रात्र एकटीने काढावी लागते, आणि एरवी तिला त्याचे काही वाटतही नाही. पण घरात दहा दिवसांचे मूल असले की तीच रात्र खायला उठते. मी बोलणार आहे ती रातपाळी मागाजवळची नव्हे, पाळण्याजवळची.

प्रथम माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती मी आजवर चारचौघींत कधी सांगितली नाही.

माझी थोरली मुलगी २००३ साली झाली. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ते सासरीच झाले. खोली एकच. भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. सासूबाईंना दमा. तशाही त्या दिवसभर माझे सारे करीत. तेल-न्हाणे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कशात म्हणून त्यांनी कमी केले नाही. खोटे कशाला बोलू? पण रात्री औषध घेऊन त्या आडव्या झाल्या की त्यांना हाक मारणे माझ्या जिवावर येई. यजमान एक आठवडा दिवसपाळीला, एक आठवडा रातपाळीला. मुलगी दिवसा गाढ निजायची आणि रात्री दहाला डोळे उघडायची, जणू तिलाच पाळीवर जायचे होते.

अठरावी रात्र होती. तीनचा सुमार असेल. कॉटवर भिंतीला टेकून मी तिला पाजत बसले होते. डोळा कधी लागला ते कळले नाही. जाग आली ती मांडी हलकी लागली म्हणून. मुलगी मांडीवर नव्हती. कॉट आणि ट्रंक यांच्या मधल्या जागेत, घडी न केलेल्या लंगोट-दुपट्यांच्या ढिगावर ती पडली होती आणि तोंड उघडून रडत होती. पलीकडच्या मागांच्या आवाजात मला तिचे रडणे ऐकू आले नव्हते.

ती किती वेळ तशी पडली होती, हे मला आजही ठाऊक नाही.

तिला काही झाले नाही, देवाची कृपा. सकाळी मी तिला दवाखान्यात नेले, पण डॉक्टरांना खरे सांगितले नाही. "दूध ओकते" म्हणाले, म्हणजे निदान ते तपासतील. त्यांनी टाळू पाहिली, हातपाय हलवून पाहिले आणि "बाळ छान आहे" म्हणाले. तेव्हा मला रडू आवरेना. त्यांना वाटले, पहिलटकरीण आहे, घाबरली आहे. (मूल पडले तर डॉक्टरांना खरे सांगावे, भगिनींनो. मी केले तसे करू नका. माझे नशीब बरे होते, इतकेच.) घरी तर मी कोणालाच बोलले नाही, यजमानांनाही नाही. सांगितले असते तर "आई म्हणवतेस आणि पोर हातातून सोडतेस?" असे ऐकावे लागेल, ही भीती. कोणी तसे म्हटले असते की नाही कोण जाणे. पण मीच मला रोज म्हणत होते.

परवा हे भाषण लिहायला बसले तेव्हा मुलीला प्रथम सांगितले. म्हटले, तुझीच गोष्ट आहे, तुझी परवानगी हवी. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "आई, त्या रात्रीपर्यंत तू किती दिवस झोपली नव्हतीस?" हा प्रश्न त्या वेळी मला कोणी विचारला असता तर! ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे बघितले तर मला पुढचे वाचवणार नाही, म्हणून मी कागदाकडेच बघते.

आता कोणी म्हणतील, आमच्या आयांनी आठ-आठ पोरे वाढवली, त्यांनी कुठे झोपेची तक्रार केली? खरे आहे. पण त्या एकट्या होत्या का? माहेरच्या माजघरात बाळंतिणीच्या उशाशी तिची आई असे, दाराशी आजी असे, एखादी काकू किंवा विधवा आत्या रात्रभर खोकत जागी असे. मूल रडले की उचलायला चार हात पुढे. बाळंतिणीने कूस बदलून पाजायचे आणि पुन्हा निजायचे. सव्वा महिना तिला घराबाहेर पडू देत नसत, त्याला आपण आज नावे ठेवतो. पण त्या सव्वा महिन्यात तिला रात्रीची सोबत मिळे हे विसरतो. त्या काळी सारेच चांगले होते असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. माणसे पुष्कळ होती आणि ज्ञान थोडे होते. पहिला चीक पिळून टाकीत, मूल दगावले तर नशिबाला बोल लावीत. आज दवाखाना जवळ आला आहे आणि माणसे लांब गेली आहेत. मुलीची आई स्वतः कामाला जाते. तिला सव्वा महिना रजा कोण देणार? २०१७ साली कायद्याने नोकरदार बाईची बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली. फार चांगले झाले. पण घरी कांड्या भरणाऱ्या बाईची रजा कोणत्या कायद्यात बसते?

झोपेचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. नवे मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते. दहा वेळा धरू. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा निजवणे, यात दरवेळी पाऊण तास तरी जातो. दहा वेळचे साडेसात तास झाले. म्हणजे मागावर बसल्यासारखी एक पाळी पुरती इथेच गेली, आणि स्वयंपाक, धुणे, पाणी हे अजून मोजलेच नाही. मूल दिवसाकाठी चौदा-सोळा तास निजते हे खरे, पण तुकड्या-तुकड्यांनी. पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस काय आणि रात्र काय, सारखीच. त्याचे पोटच एवढेसे असते की ते दोन-तीन तासांत रिकामे होते. म्हणजे मूल काही खोडसाळपणा करीत नसते आणि आईलाही वाढवता येत नाही असे नसते. एका माणसाच्याने होणारे ते काम नाही, एवढेच.

आता २०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, तुम्हांला ठाऊकच आहे. पहाटे चारला पाणी आले म्हणून मी घागर घेऊन उठले, तर समोरच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती बिहारची पोरगी मूल घेऊन बसलेली. नवरा मागावर. बाळ दोन आठवड्यांचे. आतून जळल्याचा वास येत होता. बघते तर गॅसवर दूध ठेवलेले, उतू जाऊन, आटून, पातेले काळे पडलेले. मी गॅस बंद केला. तिला विचारले, "काय झालं गं?" तिला मराठी येत नव्हते. ती एवढेच म्हणाली, "चाची, बस एक घंटा." मला वाटले पाणी भरायला एक तास हवा म्हणते. मग तिचे डोळे पाहिले तेव्हा कळले.

मी हात धुतले, बाळ घेतले आणि तिला आत नेऊन निजवले. पाठ टेकायच्या आत ती झोपली. मी घागरी तशाच ठेवल्या. पाणी गेले त्या दिवशी, यजमान चिडले. सहाच्या सुमारास बाळ ओठ चाटू लागले, मूठ तोंडात घालू लागले, तेव्हा तिच्या कुशीत दिले. तिने अर्ध्या झोपेत पाजले, मी शेजारीच बसून होते. मग बाळ परत घेतले. साडेसातला तिचा नवरा पाळीवरून आला. दारात अनोळखी बाई, तिच्या हातात पोर आणि बायको अंथरुणात निपचित. बिचाऱ्याच्या हातातला डबाच पडला. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ती उठल्यावर मला म्हणाली, "किती दिवसांनी आज सकाळ झाली" — म्हणजे तिच्या भाषेत म्हणाली, मी मराठीत सांगते.

पुढे नऊ रात्री मी गेले. मग पलीकडच्या काकू म्हणाल्या, "रोज तूच मरतीस व्हय? उद्या मी जातो." आणि अशी ती पाळी सुरू झाली. पुढे मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा काय वादळ झाले ते या सभेतल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. एक भगिनी म्हणाल्या, "परक्याच्या घरी रात्री जायचे, आणि उद्या पोराला काही झाले तर बोल कोणावर?" दुसऱ्या म्हणाल्या, "आपल्यातल्या घरी जाऊ, पण कोणाच्याही घरी जायचे म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही, पण आम्हांला ते समजले. पहिला प्रश्न रास्त होता. त्याचे नियम आम्ही घालून घेतले. दुसऱ्यावर मी एवढेच म्हटले की रात्री तीनला जे मूल रडते त्याची भाषा सगळ्यांना येते. त्या भगिनी पुढे स्वतःच जाऊ लागल्या आणि आज त्यांच्या पाळ्या माझ्यापेक्षा जास्त भरल्या आहेत. मी नाव घेत नाही, त्या रागावतील.

नियम कोणते? घरच्यांनी बोलावल्याशिवाय जायचे नाही. सासूबाई घरात असतील तर प्रथम त्यांच्याशी बोलायचे, "दिवस तुमचा, रात्र आमची" असे. नाही तर त्यांना तो अपमान वाटतो, आणि का वाटू नये? खोकला, ताप, जुलाब असलेल्या बाईने पाळी बदलून घ्यायची. नखे कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, अंगठ्या काढलेल्या, बांगड्या मागे सारलेल्या. साडेनऊला जायचे, पाचला निघायचे. मूल आणि आई एकाच खोलीत असावी; मूल उचलून आपल्या घरी आणायचे नाही. नऊ-दहाचे पाजणे झाले की आईने आडवे व्हायचे, आणि मग बाळाचे रडणे, लंगोट, ढेकर हे सारे आपले. भूक लागली की बाळ तिच्याजवळ न्यायचे, पाजून होईपर्यंत जागे राहून बसायचे, पुन्हा घ्यायचे. बाटली, वरचे दूध, पाणी काही नाही. सहा महिने अंगावरचेच, डॉक्टरांनी निराळे सांगितले असेल तर तेवढे. अशा रीतीने त्या बाईला दोन तुकड्यांत पाच-साडेपाच तास मिळतात. तुम्हांला हे थोडे वाटेल. जिला पंधरा दिवस मिळाले नाहीत तिला विचारा.

आणि सर्वांत मोठा नियम माझ्या त्या अठराव्या रात्रीने शिकवलेला: आपल्यालाच पेंग येऊ लागली तर मूल मांडीवर ठेवायचे नाही. खाली सपाट अंथरुणावर उताणे निजवायचे. उशी नाही, राईचीसुद्धा नाही. तोंडाजवळ गोधडी नाही, दुपट्याचा बोळा नाही. मूल घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर डोळा लागणे हे सर्वांत वाईट. मूल फटीत घसरून त्याचा श्वास कोंडतो.

शेगडीबद्दलही सांगते. दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे. कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नसतो, तो दिसत नाही आणि माणूस झोपेतच जाते. आम्ही खोलीत शेगडी असली तर बसत नाही, हे आधीच सांगतो. आणि मधाचे म्हणाल तर आमच्या एका मावशींनी दुसऱ्याच रात्री बाळाला बोटावर मध चाटवला होता. हो, त्याच मावशी, समोर बसून हसताहेत त्या. मधात कधी कधी असे जंतू असतात की ते मोठ्या माणसाला बाधत नाहीत, पण एक वर्षाच्या आतल्या मुलाला लुळे पाडू शकतात, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. आशाताईंनी आम्हां दोघींनाही बसवून सांगितले. मावशी म्हणाल्या, "माझ्या पाच पोरांनी चाटला." आशाताई म्हणाल्या, "मावशी, रस्ता न बघता ओलांडणारे पण पुष्कळदा पोचतात." त्यावर मावशींनी मधाची बाटली नातवाच्या बापाला देऊन टाकली.

आशाताईंचे नाव आले म्हणून सांगते. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन करतात, ताप बघतात. या पद्धतीचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ खेड्यांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. १९९९ साली ते जगापुढे आले आणि २०११ पासून सरकारने ते काम आशाताईंकडे दिले. हे मी मुद्दाम सांगते, कारण "आपल्याला काय कळते" असे म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच होते.

पण बघा, आशाताई येतात त्या दिवसा. आमच्या यजमानांच्या कारखानदारांची मुलगी नेदरलँड्सला असते. तिच्या बाळंतपणाचे तिने सांगितले. तिथे बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस शिकलेली बाई घरी येते, आईचे आणि बाळाचे बघते, थोडे घरकामही करते, आणि खर्च बहुतेक विम्यातून जातो. मला हेवा वाटला. मी विचारले, "आणि रात्री?" ती म्हणाली, "काकू, ती दुपारीच जाते. रात्री आम्ही दोघेच रडत होतो, बाळासकट तिघे." मुंबई-पुण्याला ब्युरोतून रात्रीची बाई मिळते असे ऐकून आम्ही एकदा चौकशी केली, तर तिचा महिन्याचा आकडा माग चालवणाऱ्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीइतका.

आता एक गोष्ट सांगते, त्यासाठीच खरे तर मी उभी राहिले.

मागल्या हिवाळ्यात एका घरी आमच्या एका भगिनीची पाळी होती. आठ दिवसांचे बाळ, वजनाने थोडे कमी. आई म्हणाली, "आज फार शहाण्यासारखे निजले आहे, दुपारपासून त्रासच नाही." ती इतकी थकली होती की तिला तो आशीर्वादच वाटला. आमच्या भगिनीने बारा वाजता बाळ पाजायला जागे केले, ते जागे होईना. तळवे चोळले तर किंचित कण्हले. स्तन तोंडात दिला तर ओढीना. पाय गार. पोटाला हात लावला, पोटही गार. भगिनींनो, रडणारे मूल बरे. दूध न ओढणारे आणि ढिले पडलेले शांत मूल हे संकट आहे. तसेच शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा धाप लागणे, छाती आत ओढली जाणे, अंग तापणे किंवा गार पडणे, तळहात-तळपाय पिवळे होणे, झटके येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. तिने बाळ आईच्या उघड्या छातीशी लावून वरून शाल गुंडाळली, १०८ ला फोन लावला आणि दवाखान्यात जाईपर्यंत आईचा हात सोडला नाही. जंतूंचा संसर्ग होता. बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होते. दहाव्या दिवशी घरी आले. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणले असते तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

ती आई वाईट होती का? निष्काळजी होती का? तिला आठ रात्रींची झोप नव्हती, आणि झोप नसलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही. हे मी अनुभवाने बोलते आहे.

आणखी एक. बाळंतपणानंतर चार-पाच दिवसांत कारण नसताना रडू येते, ते बहुतेकींना येते आणि आठ-पंधरा दिवसांत जाते. पण दोन आठवडे उलटले तरी रडू, भीती, बाळाकडे बघू नयेसे वाटणे, बाळ निजले तरी स्वतःला झोप न येणे, "मी नसते तर बरे" असे मनात येणे हे चालूच राहिले तर ते नाटक नाही आणि बाहेरचेही काही नाही. ते दुखणे आहे आणि त्याला औषध आहे. मनातले सांगायला सरकारचा १४४१६ हा फोन २०२२ पासून आहे, फुकट आणि रात्रंदिवस. आणि जीव द्यावासा किंवा बाळाला काही करावेसे वाटते असे कोणी बोलली तर तिला एक क्षण एकटी सोडायचे नाही, लगेच दवाखाना. आमच्या अकरा घरांत एका घरी आम्हांला असे दिसले. ती आता बरी आहे, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

पुरुषांचे काय, असे मघाशी मागून कोणी विचारले. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा आहे. मागावरच्या कामगाराला मजुरी मीटरवर. बसला की बुडाली. पण दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत मूल सांभाळायला कोणाची हरकत आहे? ढेकर काढायला मिशा आड येत नाहीत. तो बिहारचा मुलगा, ज्याचा डबा पडला होता, तो आता आपल्या दुसऱ्या भाडेकरूंना दुपट्यात बाळ कसे गुंडाळायचे ते शिकवतो.

राहिला पैशाचा प्रश्न. याच्यावर आपले एकमत झालेले नाही आणि आज होईल असेही नाही. काही भगिनी म्हणतात, ही सेवा आहे, पैसे घेतले तर पुण्य जाते. मला तसे वाटत नाही. आपल्यात दोघी-तिघी अशा आहेत की रात्र जागून सकाळी त्यांना कांड्या भरायला बसवत नाही, आणि त्यांची त्या दिवसाची कमाई जाते. बाईने केले की सेवा आणि पुरुषाने केले की मजुरी, हे कुठवर चालायचे? ज्याला झेपेल त्या घराने द्यावे, ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी मंडळाने आपल्या पेटीतून द्यावे, आणि जिला नको असेल तिने घेऊ नये, असे माझे मत. बैठकीत मांडीन. भांडण होईल, होऊ दे.

पाळीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पुढल्या महिन्यात आपल्या गल्लीत तीन घरी बाळंतपणे आहेत आणि वहीत आजमितीला नावे सातच आहेत. पूर्ण रात्र जमत नसेल तर अर्धी लिहा. रात्र मुळीच जमत नसेल त्यांनी सकाळी जागून आलेल्या बाईच्या घरचा एक वेळचा स्वयंपाक लिहिला तरी चालेल. तेही कोणाला तरी करावेच लागते.

आज माझी पाळी आहे, मागच्या आळीत, सहा दिवसांचा मुलगा आहे. साडेनऊला पोचायचे आहे, तेव्हा फराळाला थांबत नाही, राग मानू नये. माझे दोन लाडू मुलीजवळ द्या.